पंडिता रमाबाई व त्यांची विनंतीपत्रे

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनींवर सरकारी कचेरीत अर्ज करण्याचा प्रसंग येतो. कोणाच्या वस्तीस पाण्याची सोय नसते, कोठे शाळेस शिक्षक नसतो, कोठे पावसाळ्यात नाल्यापलीकडे जाण्यास वाट नसते, तर कोठे नवरा वारल्यावर विधवेचे नाव शेताच्या कागदावर चढत नाही. अशा वेळी खेड्यातील मनुष्यास पारशिवनीच्या तहसील कचेरीची वाट धरावी लागते. आणि त्यास लिहिता येत नसेल, तर तो आधी उपदेशकाच्या दारी येतो. तेथे उपदेशकासमोर दोन प्रश्न उभे राहतात. ख्रिस्ती मनुष्याने देवापाशी प्रार्थना करून स्वस्थ राहावे, की अधिकाऱ्यासही लिहावे, हा पहिला. आणि लिहावयाचे तर ते कशा रीतीने लिहावे, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्रात स्पष्ट आहे. सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशे व सर्व मंडळी ह्यांच्यापुढे उभे राहून बापाच्या वतनाचा वाटा मागितला, आणि देवाने त्यांची मागणी न्याय्य ठरवून इस्राएलाच्या नियमात भर घातली. एस्तेर राणीने तीन दिवस उपास केला व नंतर जिवावर उदार होऊन ती राजापुढे गेली. उपास केला म्हणून तिने जाणे टाळले नाही, आणि जावयाचे होते म्हणून उपास टाळला नाही. प्रेषित पौलाने कैसराकडे दाद मागितली. त्यानेच फिलेमोनास लिहिलेले लहानसे पत्र तर अनेसिम नावाच्या दासाकरिता केलेला विनंतीअर्जच होय. तेव्हा प्रार्थना व अर्ज ह्यांचे वैर नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपणांस एका मराठी ख्रिस्ती बाईच्या चरित्रात सापडेल. पंडिता रमाबाई ह्यांचे नाव आपल्या घरोघरी ठाऊक आहे. केडगावचे मुक्तिसदन, अनाथ मुली आणि बायबलाचे भाषांतर ह्यांवरून आपण त्यांस ओळखतो. परंतु त्यांनी जन्मभर दुसऱ्यांकरिता लेखणीने याचना केली, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. ती येथे सांगावयाची आहे.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८५८ च्या एप्रिल महिन्यात सह्याद्रीतील गंगामूळ येथील रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. स्त्रीस देवभाषा शिकविणे हा त्या काळी अपराध समजला जात असे, म्हणून अनंतशास्त्र्यांस पंडितांपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी रागाने भांडण केले नाही. ज्या शास्त्रांस ते पंडित प्रमाण मानीत त्याच शास्त्रांतील आधार गोळा करून त्यांच्यापुढे मांडले. ऐकणारा ज्यास मान देतो तेथून बोलण्यास आरंभ करावा, हा धडा त्या घरात रमाबाईंच्या जन्मापूर्वीच गिरविला गेला होता. लहानग्या रमेस आईने स्वतः संस्कृत शिकविले.

हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगत असे व मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करीत असे. इ. स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पैसा संपला, भांडी विकली, शेवटी झाडांची पाने खाण्याची पाळी आली. बाप गेला, आई गेली, वडील बहीणही गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले. अन्न मागण्याची लाज काय असते व भुकेने मनुष्याचे काय होते, हे रमाबाईंस पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे त्यांनी अनाथांविषयी जे लिहिले त्यात हे सोसणे होते, म्हणूनच ते वाचणाऱ्यास खोटे वाटले नाही.

दोघे भावंडे पायी हिंडत इ. स. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंचे ज्ञान पाहून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु सुखाचे दिवस थोडे होते. इ. स. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून जातीच्या लोकांनी ह्या विवाहास दोष दिला. पुढल्या वर्षी मनोरमा ही कन्या झाली, आणि इ. स. १८८२ च्या आरंभी पटकीच्या रोगाने पती वारले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या व तान्ह्या मुलीस घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले.

त्याच वर्षी सरकारने विल्यम हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाविषयी चौकशी करण्यास एक कमिशन नेमले होते. ते सप्टेंबर महिन्यात पुण्यास आले, आणि रमाबाईंस साक्ष देण्यास बोलाविण्यात आले. चौकशीस उत्तर देणे म्हणजे काही अर्ज करणे नव्हे. तथापि रमाबाईंनी त्या प्रसंगाचा उपयोग अर्जाप्रमाणेच केला. त्यांनी कोणत्या क्रमाने आपले म्हणणे मांडले ते पाहण्याजोगे आहे.

प्रथम त्यांनी बोलण्याचा आपला अधिकार काय आहे हे सांगितले. स्त्रियांस शिकविल्यामुळे ज्याने लोकांचा छळ सोसला अशा बापाची आपण मुलगी आहोत, आणि म्हणून हे कार्य पुढे चालविणे आपले कर्तव्य आहे, असे त्यांनी कळविले. नंतर नेमक्या मागण्या केल्या. मुलींस शिकविण्याकरिता स्त्रियाच तयार कराव्या. त्यांचे मातृभाषेचे ज्ञान चांगले असावे व त्यांस इंग्रजीही यावी. शिकणाऱ्या स्त्रियांस वेतने द्यावी व त्यांच्या राहण्याची सोय शाळेतच करावी. मुलींच्या शाळा तपासण्यास स्त्रियांची नेमणूक करावी. पुरुष तपासनीस शिक्षिकांचे लहानसे चुकलेले मोठे करून दाखवितात व अशा वेळी त्या बिचाऱ्यांची बाजू घेणारा कोणी नसतो, हेही त्यांनी निर्भयपणे सांगितले. शेवटी त्यांनी वैद्यकीची गोष्ट काढली. ह्या देशातील स्त्रिया आपला आजार परपुरुषास सांगण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून स्त्रियांस वैद्यकीचे शिक्षण देऊन त्यांस डॉक्टर करावे, अशी त्यांनी मागणी केली.

वाचकांनी येथे लक्ष द्यावे. स्त्रियांची दशा फार वाईट आहे, सरकारने दया करावी, एवढेच रमाबाईंनी म्हटले असते, तर साहेबांनी मान हालवून पुढचा साक्षीदार बोलाविला असता. पण कोणते काम, कोणाकडून, कोणत्या रीतीने व्हावे हे त्यांनी दाखविले. ही साक्ष मराठीत होती. हंटरसाहेबांवर तिचा इतका परिणाम झाला की त्यांनी तिचे इंग्रजी करवून ती वेगळी छापविली. आपली भाषा खेडवळ म्हणून कोणी अर्ज करण्यास संकोचत असेल, तर त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

स्त्री डॉक्टरांची मागणी एकट्या रमाबाईंचीच नव्हती. पन्ना संस्थानच्या राणीने बायलबी नावाच्या मिशनरी डॉक्टरीण बाईंच्या हाती व्हिक्टोरिया राणीस असाच निरोप पाठविला होता. अशा अनेक विनंत्या एकत्र येऊन इ. स. १८८५ मध्ये लेडी डफरिन ह्यांच्या नावाने हिंदी स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्याचा मोठा फंड निघाला. आपल्या नागपुरातही त्याच शतकाच्या अखेरीस स्कॉटिश मिशनच्या डॉ. ॲग्नेस हेंडरसन ह्यांच्या श्रमाने म्यूर मेमोरियल रुग्णालय उभे राहिले, आणि तेथे स्त्रियांस स्त्रियांच्या हातून औषधपाणी मिळू लागले. एका अर्जाने क्वचितच काम होते. एकाची विनंती दुसऱ्याच्या विनंतीस जोर देते. त्याच १८८२ साली त्याच कमिशनाकडे जोतीराव फुले ह्यांनीही आपले निवेदन लिहून पाठविले, आणि शेतकरी व अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मिळावे अशी मागणी केली. रमाबाईंच्या साक्षीत जी बाजू थोडी होती, ती जोतीरावांच्या निवेदनात पुरी झाली.

इ. स. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडास गेल्या. स्वतः डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्यांचे कान अधू असल्यामुळे ती सफळ झाली नाही. जे आपणांस मिळणार नव्हते ते दुसऱ्या स्त्रियांस मिळावे म्हणून त्यांनी आधीच खटपट केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. इंग्लंडात येताच त्यांनी मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांस एक लांब पत्र लिहिले, व निराश्रित स्त्रियांकरिता आश्रयस्थान काढण्यास साहाय्य मागितले. त्या पत्रातून घर उभे राहिले नाही. परंतु रमाबाई थांबल्या नाहीत. आपल्या प्रभूने अन्यायी न्यायाधीशाकडे वारंवार जाणाऱ्या विधवेचा दाखला दिला आहे. ही विधवाही तशीच होती.

इ. स. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी ह्यांस डॉक्टरीची पदवी मिळावयाची होती, त्या समारंभाकरिता रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रियांच्या दशेवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले व इ. स. १८८७ मध्ये फिलाडेल्फिया शहरी ते प्रसिद्ध केले. हे सबंध पुस्तक म्हणजे एक विनंतीपत्रच आहे. आरंभीच्या प्रकरणांत मुलीचा जन्म, बालविवाह, सासुरवास व वैधव्य ह्यांची हकिकत आहे, आणि शेवटचे प्रकरण तर विनंतीच्याच नावाचे आहे. विधवांस राहण्यास घर असावे, तेथे त्यांच्या जातीचे नियम कोणी मोडू नयेत, त्यांस विद्या व पोट भरण्याचे काम शिकवावे, आणि ह्या खर्चाचा भार काही वर्षे अमेरिकेतील लोकांनी उचलावा, अशी योजना त्यांनी मांडली. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणून त्या तेथेच थांबल्या नाहीत. रडणाऱ्याच्या हातात काम दिले. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, आणि दहा वर्षे मदत करण्याचे त्याने पत्करले. इ. स. १८८९ च्या ११ मार्च रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेण्यात आले.

मागणी मान्य झाली म्हणजे मागणाऱ्याची परीक्षा संपत नाही, तर सुरू होते. सदनातील मुलींच्या धर्मात आपण हात घालणार नाही असे रमाबाईंनी कबूल केले होते. परंतु त्या स्वतः दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि काही मुली आपखुशीने येऊन बसत. ह्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. इ. स. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर ह्यांसारख्या थोर गृहस्थांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. वर्तमानपत्रांत निंदा झाली. ज्या हातांनी मदत केली तेच हात मागे सरले, तरी रमाबाईंनी प्रार्थनेचे दार लावून घेतले नाही.

आता आपल्याच प्रांताची गोष्ट येते. इ. स. १८९६ व १८९७ मध्ये मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. त्या काळी नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती, आणि पारशिवनी, जी आज तालुक्याचे ठिकाण आहे, ती रामटेक तहसिलीत मोडत असे. मध्यप्रांतात लोक मरत आहेत हे रमाबाईंच्या कानी आले, तेव्हा त्यांस आपले आईबाप आठवले. त्या स्वतः इकडे आल्या, दुष्काळी कामे व अनाथांची ठिकाणे त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि सुमारे ३०० मुली व बाया आपल्याबरोबर नेल्या. येथवर त्यांची मुख्य याचना उच्च मानलेल्या जातींच्या विधवांकरिता होती. दुष्काळाने ती मर्यादा मोडली. ज्या मुलींची कोणी जात विचारली असती तर त्यांस उंबऱ्याबाहेर ठेवले असते, अशाही मुली त्यांच्या पंगतीस जेवू लागल्या. आपल्यांतील ज्यांच्या आजापणज्यांनी अस्पृश्यतेचा जाच सोसला, त्यांस ह्या पालटाची किंमत सांगावयास नको.

त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर झाला. मॅजिस्ट्रेटाने सदनात अधिक मुली ठेवण्यास मनाई केली, म्हणून ह्या दुष्काळग्रस्त मुलींस दौंडजवळील केडगाव येथील रमाबाईंच्या शेतावर न्यावे लागले, आणि तेथे मुक्तिसदनाचा पाया पडला. पुण्यातील प्लेगची इस्पितळे व छावण्या ह्यांतील व्यवस्था वाईट असून तेथे स्त्रिया सुरक्षित नाहीत, असे रमाबाईंस कळून आले. त्यांनी इ. स. १८९७ च्या मे महिन्यात बॉम्बे गार्डियन नामक मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून ही हकिकत उघड केली. इंग्लंडच्या पार्लमेंटात त्यावरून प्रश्न निघाला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी रमाबाईंचे लिहिणे वस्तुस्थितीस धरून नाही असे ठरविले. राज्य इंग्रजांचे, धर्मही त्यांचाच स्वीकारलेला, आणि मदत देणारेही पुष्कळ गोरे लोक. तेव्हा गप्प राहणे रमाबाईंच्या सोयीचे होते. तरी त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. ख्रिस्ती झालेला मनुष्य सरकारचा मिंधा होतो, असा जो आक्षेप आपल्यावर घेतला जातो, त्यास ह्या एका पत्राने चांगले उत्तर दिले आहे.

ह्या पत्रास यश आले असे म्हणता येत नाही. परंतु जो अर्ज नामंजूर होतो तो व्यर्थच जातो असे नाही. सत्य एकदा कागदावर चढले म्हणजे पुढील पिढी ते वाचते. आणि रमाबाई उत्तराची वाट पाहत बसून राहिल्या नाहीत. सरकारकडे जे मागावयाचे ते मागितले, आणि आपल्या हातून जे होण्याजोगे होते ते करावयास लागल्या. इ. स. १९०० च्या दुष्काळात त्यांनी गुजरातेतूनही मुली आणविल्या, आणि मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. तेथे शेती, विणकाम, छापखाना असे अनेक उद्योग चालत.

आयुष्याच्या उतरत्या काळात रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. जिने गव्हर्नर, कमिशनर व परदेशचे विद्वान ह्यांस लिहिले, तिने अखेरची पुष्कळ वर्षे खेड्यातील अल्पशिक्षित बाईस समजेल असे लिहिण्यात घालविली. मुक्तीच्याच छापखान्यात बायांनी खिळे जुळवून ते छापले. इ. स. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तो घाव सोसून रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम पुरे केले, आणि इ. स. १९२२ च्या ५ एप्रिल रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

ह्या चरित्रावरून, अर्ज लिहिण्यास बसणाऱ्या उपदेशक बंधूंनी काही गोष्टी मनात धराव्या. जे आपण स्वतः पाहिले, किंवा ज्याने पाहिले त्याच्याच तोंडून नीट ऐकले, तेवढेच लिहावे. दहा घरांस पाणी मिळत नसेल तर दहाच लिहावे, शंभर लिहू नये. एक आकडा खोटा निघाला म्हणजे अधिकारी बाकीचे नऊ खरे आकडेही खोटे मानतो, आणि प्रभूच्या नावास बट्टा लागतो तो वेगळाच. काय हवे ते एका वाक्यात स्पष्ट लिहावे, आणि ते देणे ज्याच्या अधिकारात आहे त्यालाच लिहावे. गयावया करू नये व शिवीगाळही करू नये. ज्याचा अंगठा घ्यावयाचा त्यास सर्व अर्ज सावकाश वाचून दाखवावा. ज्यास मजकूर कळला नाही त्याचा अंगठा घेणे म्हणजे त्याचे नाव चोरणे होय. अर्जाची एक नक्कल जपून ठेवावी, पोच घ्यावी, आणि उत्तर न आल्यास पुन्हा जावे.

आणि विहीर आपल्या वस्तीची असो की शेजारच्या अख्रिस्ती वस्तीची असो, अर्ज त्याच कळकळीने लिहावा. रमाबाईंनी आधी आपल्यासारख्या विधवांकरिता मागितले, आणि पुढे ज्यांच्याशी त्यांचे जातीचे, भाषेचे किंवा नात्याचे काहीच नव्हते त्यांच्याकरिता मागितले. आपल्या मंडळ्यांत लिहितावाचता येणारी माणसे थोडी असली, तरी ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने ती मुक्याच्या कामी लावावी. प्रभु येशू ख्रिस्त पित्याजवळ आपणा सर्वांकरिता नित्य विनंती करीत आहे. त्याच्या शिष्यांनी दुसऱ्यांकरिता विनंती करण्यास कंटाळू नये.